सहभागी क्रमांक एक

मला समाज दिसतो! तुम्हाला दिसत नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार? तुम्ही समाजशास्त्रात एम.ए. करत नाही. तुम्हाला जिथे नुसती रांग दिसते, तिथे मला सत्तेची उतरंड दिसते. तुमच्या घरी दोन जावांचं भांडण होतं, मला त्यात संसाधनांचं वाटप दिसतं. दोन वर्षं आम्हाला हेच शिकवतात. डोळे उघडे ठेवा, दिसेल ते मोजा आणि मध्ये पडू नका.

तर या दिव्यदृष्टीच्या जोरावर मी प्रबंधाचा विषय निवडला, 'घरातील अदृश्य श्रम'. वर्गातली बाकीची मंडळी कारखान्यांच्या फाटकांवर आणि दवाखान्यांच्या बाकांवर वणवण करत होती. मी म्हटलं, हवीय कशाला ती उन्हातान्हातली पायपीट? आई घरात राबतेच आहे, आपण खुर्चीत बसायचं आणि लिहून काढायचं! गेल्या वर्षीचा माझा प्रबंध आमच्या मार्गदर्शक बाईंनी "हे कात्रण आहे, संशोधन नाही" म्हणून परत केला होता. यंदा शुक्रवारी चारच्या आत गेला नाही तर एम.ए.वर पाणी सोडायचं, असा मामला होता. पण मला चिंता नव्हती. घरचंच काम होतं!

नियमाप्रमाणे आधी संमतिपत्रं भरून घ्यायची असतात. मी तीन प्रती टेबलावर ठेवल्या. बाबांनी चष्मा न लावता सही केली. परिचारिका असलेल्या ताईनं ड्यूटीला जाता जाता दारात उभ्या उभ्या केली. आईनं मात्र खुर्ची ओढली. आई तीस वर्षं एका कार्यालयात अर्ज तपासायच्या खिडकीवर बसते. तिच्या हातून एक रकाना रिकामा राहिलेला माणूस पुढे गेलेला नाही.

"कलम सात," ती म्हणाली. "सहभागी व्यक्ती कोणतंही कारण न देता कधीही माघार घेऊ शकते आणि तिच्याविषयीची सर्व माहिती काढून टाकली जाईल. हे खरं का?"

"अगं, नुसता मजकूर असतो तो!"

"मजकूर नुसता नसतो," आई म्हणाली. तिनं सही केली, खाली तारीख घातली आणि आपली प्रत मागून घेतली.

आई झाली सहभागी क्रमांक एक, बाबा क्रमांक दोन, ताई क्रमांक तीन. मी झालो निरीक्षक. तीन महिने मी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसलो. कोण उठतं, किती वेळा उठतं, कशासाठी उठतं! बाबांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या वहीत डोकावून स्वतःच्या नावापुढचं शून्य पाहिलं. तेव्हापासून ते रोज एकदा घसा खाकरून उठायचे, पाण्याचा जग भरायचे आणि विचारायचे, "लिहिलंस का?" जग ठेवताना ते निम्मं पाणी सांडायचे. ते पुसायला आई उठायची. मी दोन्ही लिहायचो.

आईच्या चौदा तासांच्या मुलाखती मी ध्वनिमुद्रित केल्या. त्या ऐकून टंकलिखित कोण करणार? मी तेव्हा बिनपगारी घरकामावरचे जाड जाड ग्रंथ वाचत होतो, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आईनंच केलं, रोज कार्यालयातून आल्यावर. यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. हसू नका!

बुधवारी दुपारी चौऱ्याण्णव पानं तयार झाली. आईनं रजा काढली होती. ती पानांना क्रमांक घालत होती, मी पलंगावर पडून 'ऋणनिर्देश' सुचतात का बघत होतो. एकसष्टाव्या पानावर तिचा हात थांबला.

"सहभागी क्रमांक एक," तिनं मोठ्यानं वाचलं, "हिला आपल्या श्रमांचे शोषण होत असल्याची जाणीव नाही." तिनं चष्मा काढला. "मी ना ती?"

"नावं गुप्त आहेत, आई."

"मला जाणीव नाही?"

"ती शास्त्रीय भाषा आहे गं. मनावर घेऊ नकोस."

आईनं मनावर घेतलं नाही. तिनं कागदावर घेतलं! पंधरा मिनिटांत माझ्या हातात अर्ज पडला. विषय: कलम सातनुसार माघार. साक्षीदार म्हणून खाली ताईची सही होती आणि पोच द्यायला माझ्यासाठी जागा सोडलेली होती. माझी पाचावर धारण बसली.

गुरुवारी सकाळी तो अर्ज घेऊन मी मार्गदर्शक बाईंकडे धावलो. बाईंचा चेहरा उजळला.

"वा! सहभागी व्यक्तीनं स्वतःचा हक्क वापरला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघतेय मी!"

"बाई, माझा प्रबंध!"

"त्यांची माहिती काढून टाका."

"बाई, ती माझी आई आहे!"

"मग तर नक्कीच काढा."

मी काढली. चौऱ्याण्णव पानांची अकरा उरली. त्यात मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि चार पानं संदर्भसूची. 'निष्कर्ष' या प्रकरणात एकच वाक्य शिल्लक होतं: सहभागी क्रमांक दोन येतात, जेवतात, जग भरतात. ते वाचून मला खरंच रडू आलं. दोन वर्षांचं शिक्षण आणि एक जग!

घरी येऊन मी हातापाया पडलो. बाबा मध्येच म्हणाले, "माझी माहिती वाढव हवी तर. मी दोनदा उठत जाईन."

"तुम्ही थांबा हो," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "या घरात कोण उठतं आणि कोण बसून राहतं, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. तू तीन महिने मोजलंस. एका जेवणात मी बावीस वेळा उठले असं लिहिलंस. तेविसाव्या वेळी तरी म्हणालास का, की आई, तू बस, मी आणतो?"

"निरीक्षकानं मध्ये पडायचं नसतं," मी म्हणालो. दोन वर्षांत शिकलेलं हे एकच वाक्य मला अगदी अचूक पाठ होतं. ते तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकवेना. आई उठून आत गेली. हे उठणं त्या बाविसात धरायचं की नाही, हेही मला कळेना.

शुक्रवारी चार वाजले आणि गेले. मी घरीच होतो. बाईंनी विभागप्रमुखांकडे रदबदली करून तीन आठवडे मिळवून दिले, पण एका अटीवर, सहभागी क्रमांक एकची नव्यानं लेखी संमती हवी.

आईनं विचार करायला दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "देते. पण एक प्रकरण मी लिहिणार. निरीक्षक मी, सहभागी तू. आणि तू ते जसंच्या तसं जोडायचं."

आता रोज जेवणानंतर मी मोरीपाशी उभा असतो, मनगटापर्यंत फेसात. आई खुर्चीत वही घेऊन बसते. तिच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य मी चोरून वाचलंय: सहभागी सव्वीस वर्षांचा असून पातेल्याला मागची बाजू असते याची त्याला जाणीव नाही.

पहिल्याच दिवशी तिनं संमतिपत्र माझ्यापुढे सरकवलं. मी हात पुसून नीट वाचलं. शिकलोय आता! कलम पाच, कलम सहा, आणि मग एकदम आठ.

"आई, यात कलम सात नाही!"

"नाही."

मी सही केली. करतो काय? खाली तारीख घातली आणि म्हटलं, "मला एक प्रत दे."

"प्रत कशाला?" आई वही उघडत म्हणाली. "नुसता मजकूर असतो तो."