सबनीसकाकांची वादळवही

नवीन ओळख झाली की माणसं विचारतात, "पुण्यात कुठे तुम्ही?" आमचे सबनीसकाका विचारतात, "बरं, घरात बिनखिडकीची खोली कुठली?"

लंडनमधल्या हाउन्सलोतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं. त्यातला नवरा चकलीचा पहिला तुकडा मोडतोय तोच काकांनी त्याला गाठलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, हे घरं भाड्याने देणारे एजंट असणार. तो हौसेने आपल्या फ्लॅटची माहिती द्यायला लागला. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. "इथलं नाही विचारत रे. अमेरिकेत कोण आहे तुझं?"

इथल्या वादळांना काका खिजगणतीतही धरत नाहीत. "इथलं वादळ काय! कुंपण पाडतं आणि सॉरी म्हणून निघून जातं." त्यांचा सगळा जीव समुद्रापलीकडे, जिथे टोर्नेडो उभं घर उचलून नेतो. आणि हाउन्सलोतल्या मराठी घराचं अमेरिकेत एक तरी माणूस निघतंच. ते टोर्नेडोच्या पट्ट्यात आहे असं कळलं की काका खिशातून लाल वही काढतात. नाव, गाव, खोली कुठली, बूट कुठे ठेवता, आणि शेवटी पेन रोखून, "फोन कोण उचलतं?" सगळं लिहून झालं की वही मिटता मिटता त्यांचं पालुपद, "मी आपलं सांगून ठेवतो."

मी त्यांच्यापासून दोन दारं सोडून राहते. त्यामुळे हे सगळं मला फुकट आणि भरपूर मिळालं. मी इथे राहायला आले तेव्हा सुनंदाकाकूंना जाऊन वर्ष झालं होतं. काका एअरपोर्टच्या कार्गो शेडमधून रिटायर झालेले, एकटे. पुढच्या खोलीत हा एवढा टीव्ही, त्यावर दिवसभर अमेरिकेचं रडार. लाल, पिवळे, जांभळे डाग सरकत असतात आणि पडद्याच्या तळाशी जगभरचे वादळवेडे लिहून गप्पा मारत असतात. भाजीला निघालेला माणूस काकांच्या दारात सापडला की अर्धा तास गेला म्हणून समजा.

माझी धाकटी बहीण वैशू अलाबामात असते. तिच्या लग्नात काकांनी आहेर काय द्यावा? सायकलचं हेल्मेट! वर जरीकाठी ब्लाउजपीस गुंडाळलेला. "टोर्नेडो आला की बिनखिडकीच्या बाथरूममध्ये, टबात आडवं व्हायचं, डोक्यावर हे, अंगावर गादी," असं त्यांनी तिला अक्षता पडल्या पडल्या समजावलं. नवरामुलगा नुसता बघत राहिला. माझी मुलगी तेव्हापासून त्यांना 'हेल्मेट आजोबा' म्हणते. वैशूने ते हेल्मेट उलटं करून त्यात कांदे ठेवले.

इथवर हसण्यावारी होतं. पण वैशू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते. मागच्या हिवाळ्यात काकांनी तिला परस्पर फोन करून उठवलं आणि टबमध्ये बसवलं. बाई तासभर कुडकुडली. बाहेर पानही हललं नाही. तिने काकांचा नंबर ब्लॉक केला आणि मला फोन करून रडली. मी तशीच तणतणत त्यांच्या दारात गेले.

"काका, तुमच्या या लष्कराच्या भाकऱ्या पुरे झाल्या! माझ्या बहिणीला पुन्हा फोन केलात तर माझ्याशी गाठ आहे. शब्द द्या."

ते वही छातीशी धरून उभे होते. "देतो," म्हणाले. दोन महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

एप्रिलातली संध्याकाळ. साडेसात वाजले असतील, बाहेर चांगला उजेड होता. मी पोळ्या करत होते. बेल वाजली. दारात काका, पायात घरातल्या सपाता, हातात उघडा लॅपटॉप. चेहरा पांढराफटक.

"मी फोन केलेला नाही," ते म्हणाले. "शब्द दिला होता. पण आता तू कर."

खरं सांगते, माझा हात दार लावायलाच गेला होता. पण काकांचा चेहरा बघून मी थांबले. एरवी वादळ म्हटलं की हा माणूस लग्नघरातल्यासारखा उत्साहात असतो. घाबरलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"किती वेळ आहे?"

"पंधरा मिनिटं. कमीच धर."

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिकडे दुपारचे दीड, वैशू गाढ झोपेत, आणि तिचा नवरा कामाला दुसऱ्या गावी. झोपमोड होते म्हणून तिने वादळाच्या सूचनासुद्धा बंद करून ठेवलेल्या, हे मला माहीत होतं.

"लगेच परत कर," काका म्हणाले. "लागोपाठ दुसऱ्यांदा केला की झोपेच्या मोडवरही वाजतो. मी तपासलंय."

दुसऱ्यांदा केला. तिने उचलला. "ताई, काय गं? परत ते काका का?"

"वैशे, ऊठ! बाथरूममध्ये जा, टबमध्ये. आत्ता!"

"अगं पण..."

"बूट!" काका माझ्या मागून ओरडले. "आधी बूट घाल! काचा असतात नंतर! आणि हेल्मेट!"

ती काहीतरी पुटपुटली. मग तिकडे कांदे फरशीवर घरंगळल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून मला रडूच फुटलं. गादी ओढल्याचं ऐकू आलं, दार लागल्याचं. "ताई, कानात दडे बसतायत गं," ती म्हणाली, अगदी लहानपणीसारख्या आवाजात. आणि फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला. पुन्हा. कितीदा लावला कोण जाणे. लागतच नव्हता.

काकांनी लॅपटॉप पोळपाटाशेजारी ठेवला होता. लाल डागाला गळाच्या आकड्यासारखं वळण होतं आणि त्या वळणाच्या टोकाला एक निळा ठिपका उमटला. मी विचारलं, "हा काय, पाऊस थांबतोय का?" काका पडद्याकडेच बघत होते. मी त्यांना दंड धरून हलवलं. "काका, काय आहे ते सांगा!"

"तो पाऊस नाही, मीनल," ते म्हणाले. "ती घरं आहेत. वर उडालेली."

मी ओट्याला टेकून खालीच बसले. तव्यावरची पोळी जळून घरभर धूर झाला, अलार्म कोकलायला लागला, तरी आम्ही दोघं उठलो नाही. पडद्यावर खाली वादळवेड्यांच्या गप्पा चालायच्या तिथे आता कोणी काही लिहीत नव्हतं. काका फक्त वैशूच्या गावाच्या नावावर बोट ठेवून बसले होते, जणू बोट उचललं तर गाव जाईल. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही धड आठवेना. "काका, तिला काही झालं तर?" असं मी विचारत राहिले आणि ते दर वेळी म्हणत राहिले, "उचललाय ना तिने फोन. उचललाय."

पन्नास मिनिटांनी मेसेज आला. 'जिवंत आहे. छप्पर नाही.'

मी काकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले.

त्या दिवशी एका दुपारीत कितीतरी गावं उद्ध्वस्त झाली. माणसं गेली. वैशूच्या समोरच्या घरात एक म्हातारी बाई राहायची, वैशूला दारातली फुलं आणून द्यायची. ती गेली. वैशूचं बाथरूम तेवढं शाबूत राहिलं, बाकी घराच्या जागी लाकडांचा ढीग. मंडळातल्या ज्या लोकांनी अशाच फोनांना कंटाळून काकांना ब्लॉक केलं होतं ते आता रांगेने फोन करायला लागले. कौतुक, आभार, कोणी मिठाई आणून दिली. काकांनी डबा उघडला नाही. आठवडाभर टीव्हीसमोर बसून ते सापडलेल्या माणसांची नावं वाचत होते. "त्या समोरच्या बाईंना कोणी फोन केला असेल का गं?" असं मला दोनदा विचारलं.

रविवारी वैशूचा व्हिडिओ कॉल आला. मैत्रिणीकडे राहत होती, कपाळावर चिकटपट्टी. तिला काकांशी बोलायचं होतं, म्हणून मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. मग वैशू म्हणाली, "काका, आता तुम्ही सांगा. तुमच्या घरात बिनखिडकीची खोली कुठली?"

काका हसले, कितीतरी दिवसांनी. "जिन्याखालचं कपाट."

मला कुठे राहवतंय? मी उठले आणि उघडलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. काकूंचे हिवाळी कोट, चाकांची बाजाराची पिशवी, पांढरे कॅनव्हासचे बूट, अर्धवट विणलेला स्वेटर सुयांसकट. सगळं नीट झाडूनपुसून ठेवलेलं.

"अहो काका, यात तुम्ही बसणार कुठे?"

"मी नाही बसत तिथे," ते म्हणाले. "ती जागा तिची आहे." मग म्हणाले, "शेडमध्ये फोन लॉकरात ठेवावा लागायचा गं. ती गेली त्या दिवशी तिने चार वेळा केला होता. मी घरी जायला निघालो तेव्हा बघितला."

फोनमधून वैशूच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता.

मी काकांच्या खिशातून लाल वही काढली. पानं उलटली. त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. शेवटच्या पानावर मी लिहिलं, 'सबनीसकाका. गाव हाउन्सलो. खोली: मीनलकडचं जिन्याखालचं कपाट. बूट: पायात.' आणि फोन कोण उचलतं, त्यापुढे माझं नाव घातलं.

काकांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. "तू मीटिंगमध्ये असलीस तर?"

"तर लगेच दुसऱ्यांदा करा. वाजतो. तुम्हीच तपासलंय."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये माझा फोन थरथरला आणि थांबला. मिनिटभरात परत वाजला. मी सगळ्यांना सॉरी म्हणून बाहेर धावले.

"काही नाही गं," काका म्हणाले. "आभाळ स्वच्छ आहे. मी आपलं सांगून ठेवतो."