‘व्हय’चं बटण

कमलनगरच्या शरणबसव बिरादार या तरुणाची वेबसाइटींविषयीची मते ठाम होती आणि ती कोणालाही, कोणत्याही वेळी, मोफत उपलब्ध होती. हैदराबादच्या एका कंपनीचे काम तो घरच्या माडीवर बसून करी. कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप आणि जेवायला खाली उतरला की तोंडी संताप. तुरीचा भाव बघायला माझा फोन नंबर कशाला? एका बातमीभोवती एवढ्या जाहिराती कशाला? पण त्याचे डोके खरे फिरे ते संमतीच्या बाबतीत.

"अव्वा, ‘मान्य आहे’चं बटण परातीएवढं आणि ‘नको’चं मोहरीएवढं! माणूस वाचायलाय का, त्याला कळायलंय का, कुणाला फिकीर न्हाई. नुसतं व्हय म्हणून घ्यायलेत!"

"व्हय," त्याची आई निलम्मा भाकरी थापत म्हणाल्या. त्यांनी काही ऐकले नव्हते.

या घरातला कारभार असाच सुरळीत चाले. निलम्मांनी जिन्याखाली उभे राहून काही विचारावे आणि माडीवरून हेडफोनसकट ‘व्हय’ यावे. भाजीत मिरची वाढवू का? व्हय. पाहुण्यांना तुझी गादी देऊ का? व्हय. ही सेवा अखंड होती, आणि तिच्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

मग एके सकाळी दारात म्हैस दिसली.

"ही कुणाची?"

"तुझी," निलम्मा म्हणाल्या. "दुबलगुंडीहून आणलाव. सकाळची धार तू काढणार हाईस."

"मी?"

"जिन्यातून इचारलं की. व्हय म्हणलास."

शरणबसवने अंगणात उभे राहून, माहिती न देता घेतलेली संमती कशी अवैध असते, यावर भाषण केले. म्हशीने ते शेवटपर्यंत ऐकले आणि शेण टाकले. माणूस रागाने धार काढायला बसला की दूध कमी निघते, हे त्याला त्याच दिवशी कळले.

समोरच्या घरात राजूबाई राहत. आपण कुठे गेलो, काय पाहिले हे वेबसाइट लक्षात ठेवते आणि तिसऱ्याच कोणाला सांगते, याची शरणबसवला भयंकर चीड. राजूबाई हेच काम ओट्यावर बसून करीत. तो बसस्टँडवर सहज चपला बघत थांबला, तर दुसऱ्या दिवशी राजूबाईंचा भाचा चपलांचे जोड घेऊन दारात हजर.

"काय रे शरणू," त्या ओट्यावरून ओरडल्या, "बेस्तवारी कुंकू हाय म्हणं तुझं! दुबलगुंडीच्या बसलिंगप्पाची पवित्रा. झाक जोडा हाय बघ!"

शरणबसव दुधाच्या चरवीसकट घरात धावला. गुरुवारी कुंकू, म्हणजे लग्न ठरल्याचाच शिक्का.

"अव्वा, माझं लगीन ठरवलाव?"

"तू ठरवलास. फोटो लॅपटॉपपुढं धरलं, पसंत हाय का म्हणलं. व्हय म्हणलास. वर हातानं बाजूला बी सारलास."

त्याला अंधुक आठवले. काम ऐन रंगात असताना पडद्यापुढे काहीतरी आडवे आले होते आणि त्याने ते जाहिरात समजून सारले होते. गुरुवारच्या आत ‘नको’ नोंदवले नाही, तर वाचल्यावाचून मान्य केलेल्या अटींवर सारा जन्म काढावा लागणार होता.

"अव्वा, मला न्हाई करायचं."

"मला कामून सांगायलास? मामाला सांग. बोलणी त्यानं केलीय."

महादेवप्पा मामांनी त्याला पाटावर बसवले, मामींनी ताटात गव्हाची गोड हुग्गी वाढली आणि चौकशी सुरू झाली.

"कामून मोडायलास? उंची, रंग, शिक्षण, का इतर?"

"इतर. मला नीट विचारलंच न्हाई."

"ते कारण आपल्यात न्हाई. दुसरं सांग."

"मामी, हुग्गी नको," शरणबसव कळवळला आणि त्याच क्षणी त्याला सत्य उमगले. आपल्याकडे ‘नको’चे बटण मोहरीएवढेही नाही. ‘नको’ म्हटले की एक डाव पडतो, ‘खरंच नको’ म्हटले की दोन, आणि ताटावर हात आडवा धरला की हातावर तूप. तो उठला तेव्हा सोयरीक जागच्या जागी होती, फक्त पँट घट्ट झाली होती.

मामांनी त्याला मध्यस्थ धोंडप्पांकडे पाठवले. त्याने त्यांना फोन लावला, तर आधी बराच वेळ भजनच वाजले.

"तुमचं म्हणणं पोचलं," धोंडप्पा गोड आवाजात म्हणाले. "पण मोडण्यापेक्षा लांबवायचं का? उन्हाळ्यात धरू. थांबलाव तर जेवणात हुग्गीच्या जोडीला गुलाबजाम बसवून देतो."

"मला मोडायचंच हाय."

"बरं. मग ज्यानं बोलणी केली, त्यानंच मोडावं लागतंय."

"कुणी केली?"

"तुमच्या मामांनी."

शेवटी त्याने थेट पवित्राला फोन लावला. ती बीदरच्या एका शाळेत गणित शिकवायची. त्याने भीत भीत सगळे सांगितले.

"माझं बी तसंच झालंय हो," ती म्हणाली. "मी पेपर तपासायलते. अप्पांनी कायतरी विचारलं. मला वाटलं, म्हैस द्यायची का म्हणून विचारायलेत. व्हय म्हणलं."

"म्हैस आमच्याकडं आलीय," शरणबसव खिन्नपणे म्हणाला.

दोघांनी ठरवले, गुरुवारी सगळ्यांसमोर विचारतील तेव्हा मोठ्याने ‘न्हाई’ म्हणायचे. दोघांनी मिळून म्हणायचे, म्हणजे लाज वाटली म्हणून एकट्याला माघार घेता येणार नाही.

गुरुवारी मांडव भरला. पवित्राचे वडील बसलिंगप्पा उठले आणि त्यांनी पणजोबांपासून सुरुवात केली. सोयरीक कशी जुळली, मानपान कसा, कोणत्या गोष्टी कोणी करायच्या, हे ते सावकाश सांगत राहिले. मामा माना डोलावत डुलक्या घेत होते. बायका साड्यांचे काठ बघत होत्या. पवित्राने पदराआड चाचणीचे पेपर आणले होते. तेवढ्यात शरणबसवचा फोन थरथरला. ऑफिसची वेबसाइट बंद पडली होती आणि निरोपावर नव्या अटींची चौकट आडवी आली होती. तो त्या चौकटीतली मोहरी शोधू लागला.

"...तर हे समदं मान्य हाय का?" बसलिंगप्पांचा आवाज चढला.

"व्हय!" मांडव गरजला. त्यात मामांचा आवाज होता, राजूबाईंचा होता, पवित्राचा होता आणि सर्वांत खणखणीत शरणबसवचा होता.

"झकास," बसलिंगप्पा म्हणाले. "मग बुधवारी या समदे. विळे मी देतो."

"विळे कशाला?" मामा जागे झाले.

"माझी तूर काढायला. आत्ता मान्य केलाव की."

"पाव्हणं, हे आमाला नीट सांगितलंच न्हाई!"

"ते कारण आपल्यात न्हाई," बसलिंगप्पा म्हणाले आणि विडा तोंडात टाकला.

बुधवारी दुबलगुंडीच्या रानात सारे गोत वाकले होते. मामा कण्हत होते. राजूबाई, मी नुसती चहाला आलते, असे तुरीच्या प्रत्येक झाडाला सांगत होत्या. शरणबसव कानात इअरफोन घालून तूर कापत असताना पवित्रा समोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले. सवयीने त्याचे तोंड ‘व्ह’पर्यंत उघडले.

मग त्याने ते मिटले आणि दोन्ही इअरफोन काढून खिशात घातले.

"ऐकू आलं न्हाई. परत सांगा."

"मी विचारायले," पवित्रा सावकाश म्हणाली, "हे लगीन तुम्हाला करायचंय का मोडायचंय?"

"मला जरा वेळ पाहिजे. तुम्हाला काय वाटतंय?"

"मला बी वेळच पाहिजे," ती हसली. "पण ऐकून घेतलाव. बरं वाटलं."

शरणबसवलाही बरे वाटले, खरेच वाटले. अख्ख्या गोतात त्या दिवशी काय विचारले ते समजून उत्तर दिलेली माणसे दोनच होती.

वाचकहो, तुम्हाला बिरादारांचे हसू आले असेल. ते साहजिक आहे. पण ही गोष्ट वाचताना मघाशी आतून कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारले आणि तुम्ही मान वर न करता ‘हो’ म्हणालात. काय विचारले होते, आठवते का? एकदा उठून दारात बघून या. म्हैस एव्हाना आली असेल.