वनस्पतिशास्त्राच्या नव्या पुस्तकावरील अभिप्राय

अकरावीच्या वनस्पतिशास्त्राच्या नव्या पुस्तकाविषयी एक खोटे वाक्य लिहिले, की त्याचे एक हिरवे पान गळते. माझ्याकडे अभिप्रायासाठी आलेल्या प्रतीला बांधणीतून फुटलेली अकरा पाने होती. प्रतीला दिवसाआड वाटीभर पाणी घालावे आणि महिनाअखेर अभिप्रायासह ती परत करावी, असे सोबतच्या परिपत्रकात होते. प्रत निष्पर्ण आढळल्यास पुस्तक अभ्यासक्रमातून काढले जाणार होते.

पुस्तकाची लेखिका शैलजा, माझी पत्नी. पुस्तक छापून येण्याआधी चार महिने ती गेली.

मी आमच्या कॉलेजच्या कार्यालयात जाऊन अडचण सांगितली. हेडक्लार्क सुरवसे भाऊसाहेबांनी नियम काढला. नातेवाइकाने अभिप्राय देऊ नये असे त्यात होते, पण तो नियम फक्त हयात लेखकांसाठी होता.

"तुमची हरकत बसत नाही, सर," ते म्हणाले आणि त्यांनी नमुन्यासाठी माझाच गेल्या वर्षीचा अभिप्राय पुढे ठेवला.

आमच्याकडे तशी पद्धत आहे. पुस्तक कोणतेही असो, भाषा सोपी व ओघवती, आकृत्या सुबक, विद्यार्थ्यांना निश्चित उपयुक्त. तेवीस वर्षे मी हेच लिहीत आलो. लिहायचे तेही शेवटच्या दिवशी, टपाल निघण्याआधी तासभर. या वेळीही मी तेच केले. महिनाभर पाणी मात्र नेमाने घातले.

'भाषा सोपी व ओघवती आहे' असे लिहिले आणि एक पान गळले. शेजारी बसलेल्या भौतिकशास्त्राच्या बेलसरे बाईंनी पुस्तक चाळले होते. भाषा खरोखरच सोपी आहे, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनीच परिपत्रकातली तळटीप दाखवली : न वाचता लिहिलेले वाक्य योगायोगाने खरे असले, तरी खोटे धरले जाईल.

मी वाक्ये बदलत गेलो. मांडणी शास्त्रशुद्ध आहे. उदाहरणे परिसरातील आहेत. मला पुस्तक आवडले. पाने एकेक करून टेबलावर पडत होती. बेलसरे बाई आपली वही घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या. सव्वापाचला प्रतीवर एकच पान उरले, तेव्हा मी पेन खाली ठेवले.

दोन वर्षांपूर्वी शैलजाने हस्तलिखित माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवले होते. "अहो, सगळं नको, मुळांचं प्रकरण तेवढं बघा," म्हणाली होती. आठवड्याने तिने विचारले, तेव्हा मी भाषा सोपी आणि ओघवती असल्याचे सांगितले.

"आणि आकृत्या?"

"सुबक."

"त्या मी अजून काढल्याच नाहीत," ती म्हणाली. थोडी हसली आणि कागद उचलून आत घेऊन गेली. पुन्हा तिने मला काही वाचायला दिले नाही.

मी पेन उचलून लिहिले : 'हे पुस्तक मी वाचलेले नाही. लेखिकेने ते मला वाचायला दिले होते.'

पान हलले नाही.

सुरवसे भाऊसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "यात पुस्तकाचं कौतुक कुठं आहे, सर?"

"एवढंच टिकतंय, भाऊसाहेब."

त्यांनी प्रतीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि शिक्का मारला. पाने : एक, सजीव. गळलेली पाने अभिप्राय देणाऱ्याने स्वतःकडे ठेवायची असतात. दहा पाने मिळाल्याची पोच लिहून मी सही केली आणि पाने जेवणाच्या डब्यातून घरी आणली.

पुस्तक अभ्यासक्रमात राहिले. मी दुकानातून एक प्रत आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. तिथे ऊन बरे येते. रोज सकाळी पाणी घालतो आणि चहा घेताना वाचतो. काल मुळांचे प्रकरण संपले. त्यात आता आकृत्या आहेत.

सुबक आहेत.