मेश्राम सर आणि मधली जागा

कुणी 'नस म्हणजे वायरच की' म्हणालं, की आमच्या हडपसरच्या सोसायटीतले मेश्राम सर पायातली चप्पल काढायचे. हाणायला नव्हे. राग आला की आपल्या तळपायांची खरोखरच आग होते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पाय गार फरशीवर टेकवायचे.

सर जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक, मूळचे भंडाऱ्याकडचे. जिन्यात, रिक्षात, दुधाच्या रांगेत, कुठंही वर्ग भरवायचे. "नस स्नायूला चिकटलेली नसते! मध्ये जागा असते. नसेच्या टोकाशी रसायनाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. मेंदूचा संदेश आला की त्या उघडतात, रसायन पलीकडे स्नायूवर पोचतं, तेव्हा कुठं तुमचं बोट हलतं. हलवा बोट!" समोरचा मुकाट्यानं बोट हलवायचा.

मी तेव्हा हिंजवडीत, शाळांसाठी धड्यांच्या सीडी बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत होतो. मोठ्या कौतुकानं सरांना आमचा नवा धडा दाखवला. पडद्यावर मेंदूतून एक पिवळी वायर निघाली, थेट दंडात घुसली आणि दंड टम्म फुगला. सरांनी चप्पल काढली.

"हे पोरांना दाखवणार तुम्ही?"

"सर, जरा सोपं करून..."

"सोपं नाही, खोटं आहे हे!"

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी सर! ऑफिसात अनवाणी उभं राहून त्यांनी आमच्या मॅनेजरला पाऊण तास झापलं. मॅनेजर म्हणाला, "सर, एवढ्याशा गॅपनं कुणाला काय फरक पडतो?"

"आपला घास कधी चावता चावता तोंडातच राहिलाय?" सरांनी विचारलं. मॅनेजरनं सीडी माझ्याकडे सरकवली. धडा नव्यानं करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

रविवारी दुपारी दुरुस्त सीडी द्यायला सरांच्या घरी गेलो, तो फणकाऱ्यातच. सरांच्या पत्नी, काकू, जेवत होत्या; सरही शेजारी ताट घेऊन बसलेले. त्यांच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मी म्हणालो, "काकूंना झोप आलेली दिसते."

"झोप नाही ती." सरांचा आवाज प्रथमच खाली आला. "हिची नस रसायन सोडते, पण स्नायू ते नीट घेत नाही. आजार आहे. गोळी घेतली की थोडा वेळ बरं असतं, तेवढ्यात जेवून घ्यायचं." मग म्हणाले, "निदान व्हायला सहा वर्षं गेली. ती सहा वर्षं मी शाळेत हाच धडा शिकवायचो, आणि घरी येऊन हिला आळशी म्हणायचो."

काकूंनी घास कसाबसा गिळला. "कामचोरसुद्धा," त्या नाकातून म्हणाल्या आणि हसल्या.

सर हसले नाहीत. त्यांचं जेवण केव्हाच झालं होतं. ताटात चतकोर भाकरी तेवढी राखून ठेवलेली. तिचा नखाएवढा तुकडा मोडायचा, सावकाश चावायचा, मग पुढचा. काकूंचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत ते तसेच जेवत राहिले.