गोदामावशीचं नाक

अमरावतीतल्या आमच्या आळीत कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे घरच्या पुरुषांच्या आधी गोदामावशीला कळायचं. मावशी समोरच्या घरात एकटीच राहायची. जातीची माळीण, परसात भाजी लावायची आणि दारोदार विकायची. सकाळी पाण्याला निघाली की रिकामी घागर कमरेवर, नाक वर, आणि प्रत्येक दारापाशी थांबून साऱ्या आळीला ऐकू जाईल असा पुकारा: "आज पाटलाघरी तूप कढून राह्यलं वो!"

मी नवी सून, मला हसू यायचं. सासूबाईंना मात्र यायचं नाही, कारण दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. ज्वारीची भाकर पाहता पाहता हद्दपार झाली. गहू आला, रोज गोडधोड आलं. पण नुसतं खाऊन कोणाचं समाधान होईना; मावशीनं पुकारायला हवं! शेजारच्या पाटलीणबाईंनी तर एकदा तिला येताना पाहून पळीभर तूप सरळ निखाऱ्यांवर ओतलं. मावशी ठसकली आणि म्हणाली, "तूप जळून राह्यलं, बाई. पोळीवर घाल ना!"

मग ती लढाई संपली. भाव असा कोसळला की चुली पुन्हा भाकरीवर आणि अंबाडीच्या भाजीवर आल्या. मावशीच्या वाफ्यातल्या वांग्यांनाही गिऱ्हाईक उरलं नाही. तिची चाहूल लागली की बाया दारं लोटून घ्यायच्या. आणि नेमकं तेव्हाच मावशीला पडसं झालं.

"नाक बंद हाये व माय, मले कायबी वास येत नाई," म्हणत ती मान खाली घालून विहिरीवर जायची. ते पडसं वर्षभर हटलं नाही.

अशात एका सकाळी माझ्या नणंदेला, काशीला, पाहायला बाळापूरचे पाहुणे न कळवता दारात उतरले. घरची ओढाताण पाहून दोन स्थळं आधीच परत गेली होती. पाहुणे ओसरीवर, चुलीवर अंबाडी, आणि काशी कोपऱ्यात रडवेली.

इतक्यात मावशी घागर घेऊन दारात उभी. नाक वर! सासूबाईंनी अंबाडीवर झटकन झाकण घातलं.

"आजबी पुरनपोळी?" ती ओरडली. "रोज रोज तूप खाऊन काशीले बाधन ना, व माय!"

पाहुण्यांचे चेहरे खुलले. सासूबाईंचा उतरला; आता पुरणपोळी आणायची कुठून? तोच मावशी मागच्या दारानं आत आली. पदराखाली तुपाचं बुडकुलं, चण्याची डाळ, गूळ, कणीक.

"रांधा लवकर. थे थांबतीन. पडसं गेलं माहं आज."

दुपारी पाहुणे होकार देऊन गेले. मी ताटात पोळ्या घेऊन मावशीकडे गेले. तिची चूल थंड होती, गाडगी उपडी घातलेली.

"मावशी, सारंच काहून देल्लं?"

"ठेवून कोनासाठी रांधू? माह्या दारात कोन थांबते वास घ्याले?"

डोक्यावरचा पदर सावरून मी तिच्या दारात उभी राहिले, नाक वर केलं आणि सून असल्याचं विसरून आळीभर ओरडले, "आज गोदामावशीघरी पुरनपोळी हाये वो!"

पाटलीणबाईंचं दार उघडलं, मग पलीकडचं. मावशी माझा हात ओढत होती, "चूप व, चूप!" आणि हसता हसता तिचं नाक खरोखरच वाहायला लागलं.