केतकीबाईंचे घर कोणते ठरले, त्याची हकीकत

श्री. प्रथम गजाननास नमन, मग कुलस्वामिनीस, आणि मग तिसऱ्या मजल्यापावेतो चढून येणाऱ्या विजेस, कारण ती गेली तर पुढील एकही गोष्ट घडत नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पूर्वेस अडीच हातांची गॅलरी एवढ्या राज्यावर राजे विश्रामराव, पाटबंधारे खात्यातून सेवानिवृत्त, आणि राणीसाहेब शरयूबाई ऐसी उभयता नांदत होती. समोरच्या दारी राहणारा तो हा लेखक. नाव सांगणे नलगे, चहा मात्र दोन वेळ तेथेच घेतो आणि डोळां पाहिले ते लिहितो. राज्यास वैरी नव्हता, अन्नवस्त्र बहुत होते, परंतु राजकन्या केतकीबाई दोन वर्षांची बोली करून जर्मन मुलखी चाकरीस गेली, तीस पाचवे वर्ष लागले होते, आणि यंदा गौरी आल्या, जेवल्या आणि गेल्या, तरी केतकीबाईंचे येणे जाहले नाही.

आता या राज्याचा पूर्वापार रिवाज ऐसा की, दर रविवारी चौथे प्रहरी मायलेकींनी दिवाणावर आडवे व्हावे, मध्ये भडंगाचे पातेले असावे, आणि टीव्हीवर खुनाची मालिका लावावी. शरयूबाई बहुत हुशार, दोन घरची लग्ने एकहाती काढतील, परंतु पडद्यावरील माणूस शर्ट बदलून आला की त्यांस ओळखू येत नसे. मग त्यांनी पुसावे, "हा कोण गं? मघाशी विहिरीत पडला तो?" आणि केतकीबाईंनी सांगावे, "तो त्याचा भाऊ, आई. विहिरीतला मेला." ऐसे शंभर वेळा पुसणे आणि शंभर वेळा सांगणे, आणि यातच त्यांची मालिका होई. लेक गेल्यावर बाईसाहेबांनी एक रविवार एकट्याने पाहून बघितले, आणि खून करणारा कोण हे राजांस पुसले, तो राजे म्हणाले, "मला काय माहीत? बघ की नीट." मग बाईसाहेबांनी टीव्ही बंद केला, त्यावर क्रोशाचे आच्छादन घातले, आणि रविवारी दुपारी डबे घासू लागल्या. डबे मुळात स्वच्छच होते. समोरच्या दारी आम्हांस तो आवाज येई आणि जीव कासावीस होई.

तो भाद्रपद वद्य पक्षी केतकीबाईंचा फोन आला की, "आई, घरी वायफाय घ्या. टीव्हीला लावायची एक कांडी पाठवते, मालिका दाखवणाऱ्या कंपनीचं माझं खातं आहे, तेच तिच्यावर चालू करा. इथे मी लावते, तिथे तुम्ही लावा, फोन स्पीकरवर ठेवा. तू विचार, मी सांगते." हे ऐकताच बाईसाहेब खुर्चीवर बसल्या, आणि पुन्हा उठल्या, आणि ‘आजच का होत नाही’ म्हणो लागल्या. मग वायफायवाला आला, भिंतीस भोक पाडून तार आत घेतली, राउटर फळीवर मांडिला, हिरवे दिवे लागले, आणि तो चहा घेऊन गेला. राजे स्वभावे सावध. एवढी नाजूक वस्तू उघड्यावर कशी ठेवावी ऐसे मनात आणून त्यांनी राउटर उचलला, दागदागिन्यांचे लोखंडी कपाट उघडिले, तार दाराच्या फटीतून घेतली आणि कपाटास कुलूप लाविले. मग टपालाने आलेली कांडी टीव्हीच्या पाठीस खोचली, तरी दोन दिवस टीव्ही ‘जोडणी नाही’ म्हणे, आणि राजे वायफायवाल्यास फोनवर शब्द लावीत. तिसरे दिवशी तो पुन्हा आला आणि पुसता जाहला, "काका, डबा कुठंय?" राजांनी किल्ली काढिली. वायफायवाल्याने हसू दाबून राउटर पुन्हा फळीवर मांडिला, हा त्याचा मोठेपणा.

मग केतकीबाईंच्या खात्याच्या पासवर्डाचा वेढा पडला. सतरा अक्षरे, आणि पडद्यावरची अक्षरे रिमोटच्या बाणाने एकेक पुढे सरकवून उचलावयाची. राजांनी खात्यात असता तीन तालुक्यांचे पाणी एका सहीने सोडिले होते, त्यांस एक अक्षर साधेना. बाण पुढे जाई, मागे येई, नववे अक्षर चुके आणि सारे पुनश्च आरंभापासून. केतकीबाई फोनवरून म्हणत, "बाबा, मोठा आर. मोठा!" आणि राजे म्हणत, "मोठाच आहे, दिसतोय मला." चौथे खेपेस बाईसाहेबांनी मुकाट्याने रिमोट हातातून घेतला. स्वेटराचे टाके मोजण्याचा चाळीस वर्षांचा सराव. त्यांनी सतरा अक्षरे एका दमात घातली आणि दार उघडले. पडद्यावर नावांचे तीन चौकोन आले, आई, बाबा आणि केतकी, लेकीने आधीच मांडून ठेविलेले. बाईसाहेबांनी आपला सोडून तिसऱ्या चौकोनावरून पदराने धूळ पुसली. पडदा नुकताच पुसलेला होता.

पुढे सहा रविवार राज्यात आनंद वर्तला. आमचे साडेतीन वाजता तेथे बाराचा सुमार, केतकीबाई तिकडे भात लावीत आणि ‘तीन, दोन, एक’ म्हणत, आणि दोन मुलखी एके क्षणी मालिका सुरू होई. घाटातले गाव, इन्स्पेक्टर बाई, आणि प्रत्येक भागी एक मढे. "ही कोण गं?" "तलाठ्याची बायको." "ती तर हिरव्या साडीत होती." "आई, साडी बदलली तिने!" भडंग पुन्हा होऊ लागले, आणि राजेही दिवाणाच्या कडेस बसो लागले आणि दहावे मिनिटास घोरू लागले. डब्यांचा आवाज थांबला.

सातवे रविवारी मालिका उघडिली, तो पडद्यावर इंग्रजी फर्मान आले. राजांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचिले आणि तर्जुमा केला की, हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही, सबब येथे काही दिसणार नाही.

बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे? केतकीचं घर नाही हे?"

राजे म्हणाले, "अगं, तसं नाही. तिचा टीव्ही तिकडे आहे ना, म्हणून कंपनी तिकडचं घर धरते."

"मग तेच म्हणतेय मी."

फोनवर केतकीबाई होत्या. त्या म्हणाल्या, "आई, एवढं काही नाही. तुमचं वेगळं खातं काढून देते, पाच मिनिटांचं काम."

"चुली वेगळ्या करायच्या म्हण की."

"आई, टीव्ही आहे तो!"

तेव्हा बाईसाहेब, ज्यांनी पाच वर्षांत फोनवर हवापाणी, भाजी आणि सर्दीखोकला यांपलीकडे काही काढिले नव्हते, त्या एकाएकी बोलिल्या, "दोन वर्षांचं म्हणून गेलीस, केतू. मी काही म्हटलं नाही, तुझं कामाचं असतं. पण घर कुठलं ते मला कंपनीकडून कळावं होय?" राजांनी टीपॉयवरचे वर्तमानपत्र घडी घालून पुन्हा उलगडिले. लेखकाने उठून जावे की बसावे हे त्यास कळेना, सबब बसला. फोनवर तिकडची शिटी वाजली, भाताची.

मग केतकीबाई म्हणाल्या, "आई, खाली बघ. ‘घर बदला’ असं काहीतरी आहे. ते दाब."

"त्याने काय होतं?"

"दाब तर. मला कोड येईल." आणि कोड आला, आणि त्यांनी एकेक आकडा सांगितला, चार, नऊ, शून्य, दोन, आणि बाईसाहेबांनी एकेक घातला, आणि एकही चुकला नाही. पडद्यावर हिरवी खूण उमटली. राजांनी वाचिले, "या खात्याचं घर हेच."

तो तिकडे केतकीबाईंच्या टीव्हीचा आवाज बंद जाहला. बाईसाहेब घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "काय गं? तुझा बंद पडला का?"

"नाही. मला विचारतंय."

"काय विचारतंय?"

केतकीबाई थांबल्या आणि मग म्हणाल्या, "विचारतंय, तुम्ही घरापासून दूर आहात का?"

"मग?"

"हो म्हटलं."

राजे चहा टाकण्याचे निमित्त करून आत गेले, आणि गॅस पेटल्याचा आवाज फार वेळ आला नाही. लेखकास आपली धाकटी बहीण आठवली, जी याच गावात राहते आणि जिला त्याने गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून फोन केला नाही. मग ‘तीन, दोन, एक’ जाहले आणि मालिका लागली. बाईसाहेबांनी पुसले, "हा कोण गं?" आणि केतकीबाईंनी नाक ओढून सांगितले की तलाठी, आई, तोच तलाठी.

येणेप्रमाणे राज्यात चित्रे आली आणि घर ठरले. केतकीबाई आल्या नाहीत. कधी येतील हे त्यांस ठाऊक नाही, मग आम्ही काय लिहावे? घरापासून दूर राहून पाहण्याची तिकडची परवानगी थोडक्या दिवसांची असते, सबब दर दुसऱ्या रविवारी त्यांचा टीव्ही तेच पुसतो, आणि त्या मोठ्याने ‘हो’ म्हणून तेच दाबतात, आणि बाईसाहेब कान देऊन ऐकतात. राजे एकदा वैतागून म्हणाले, "काय हा उद्धटपणा, दर वेळी काय विचारायचं तेच ते!" त्यावर शरयूबाई भडंग कालवता कालवता म्हणाल्या, "विचारू द्या हो. मला काही ते दर वेळी विचारता येत नाही."