गॅरंटी शाबूत आहे

“तोंडच्या शब्दावर चालणारा धंदा हा धंदाच नव्हे. कायद्याच्या आधाराशिवाय या जगात काहीही टिकत नाही,” असे अ‍ॅडव्होकेट महादेवरावांनी बजावले आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी वाकून पुन्हा नीट बसवली.

समोर सक्करदऱ्याचे देवाजी बसले होते. पत्र्याचे कूलर बनवणारे. आजवर त्यांची गॅरंटी एकच होती, “बिघडला तं सांग गा, मी येतो,” आणि पाना-पेचकस घेऊन ते सायकलवर जातही. गिऱ्हाइकांचे तेवढ्याने भागे. हिंगण्याच्या एका कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याचे मात्र भागेना. जेवणघरासाठी कूलर हवे होते, पण सायकलवरचा माणूस फायलीला टाचता येत नाही. त्यांना वकिलाने तपासलेली लेखी गॅरंटी हवी होती. ऑर्डर जमली तर देवाजींचे नाव पहिल्यांदा सक्करदऱ्याबाहेर जाणार होते.

देवाजींनी एक ओळ लिहून आणली होती: ‘कूलर वर्षभरात बिघडल्यास फुकट दुरुस्त करून देईन.’ ती वाचून महादेवरावांनी डोळेच मिटले. बिघडल्यास, म्हणजे कोणाच्या मते? आणि ‘फुकट’ हा शब्द तर त्यांना कायद्याच्या पुस्तकात कधी भेटलाच नव्हता. त्यांनी कपाटातून एका रेडिओचे गॅरंटी कार्ड काढले. तसलेच एक तुमच्याही ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली, न वाचता जपून ठेवलेले आहे. महादेवरावांच्या मते ते निर्दोष होते, कारण त्याच्या जोरावर आजवर एकाही माणसाला रेडिओ दुरुस्त करून मिळालेला नव्हता. जिथे ‘रेडिओ’ होता तिथे त्यांनी ‘कूलर’ घातले. बाकी मजकुराला हात लावला नाही.

देवाजींनी चौथ्या कलमावर बोट ठेवले. “वकीलसाहेब, आत पाणी गेलं तं गॅरंटी खतम, असं लिहिलं हाय यात. पाणी नाही टाकलं तं कूलर थंड कसा करन?”

“थंड करेल, असं आपण कुठं लिहिलंय?” महादेवराव म्हणाले.

देवाजींनी मसुदा घडी करून खिशात घातला. फी म्हणून महादेवरावांनी एक कूलर घेतला.

खरेदी अधिकारी मसुद्यावर बेहद्द खूश झाले. कूलर बसले, आणि गॅरंटीला बाध येऊ नये म्हणून परिपत्रकही निघाले: कूलरमध्ये पाणी टाकताना आढळल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. मे महिना होता. कोरड्या वाळ्यातून पंखे उन्हाची झळ मोठ्या निष्ठेने आत ओढू लागले. कामगार डबे घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसू लागले. नत्थू फिटरने एका कूलरवर तांब्याभर पाणी ओतले, तर त्याला ‘यंत्र थंड करण्याचा प्रयत्न’ केल्याबद्दल मेमो मिळाला. खरेदी अधिकारी मात्र घाम पुसत पाहुण्यांना सांगत, “गॅरंटी एकदम शाबूत आहे.”

देवाजींचे नाव खरोखरच सक्करदऱ्याबाहेर गेले होते. आता तेच नाव हिंगण्याहून परत येऊ लागले. देवाजींच्या गल्लीतल्या कांताबाईंनी सांगून ठेवलेला कूलर रद्द केला. “राहू द्या भाऊ,” त्या म्हणाल्या, “चूल आहे नं घरी.”

त्याच दुपारी देवाजी कार्ड घेऊन वकिलांकडे गेले. महादेवराव बनियनवर, बंद पडलेल्या कूलरसमोर, टेबलाखालच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. टेबल एका बाजूला कलले होते.

“बरं झालं आलात. सकाळपासून पंखाच फिरत नाही.”

देवाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “पाणी टाकलं होतं काय, साहेब?”

“या प्रश्नाचं उत्तर,” महादेवराव म्हणाले, “मी माझ्या हक्कांना बाध न येता...”

“रोज दोन बादल्या टाकते मी,” आतून त्यांच्या पत्नी शामलाबाई म्हणाल्या. “काहून, टाकू नाही काय?”

देवाजींनी कार्ड महादेवरावांसमोर ठेवले. महादेवरावांनी बराच वेळ चौथे कलम वाचले. घामाचा एक थेंब त्यावर पडला. मग त्यांनी पेन काढले, कलम खोडले आणि सवयीने बाजूला सहीदेखील केली.

“देवाजी,” ते हळूच म्हणाले, “ते तुमचं जुनं काय होतं? बिघडला तं सांग, मी येतो?”

“हो.”

“मग मी सांगून राहिलो नं गा.”